हात बांधून घेणारे काका

जगातलं प्रत्येक यंत्र माणसापुढे वाकलंच पाहिजे, आणि वाकत नसेल तर खोट यंत्रात आहे, माणसात नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो बरोबर आमच्या डोक्यावर राहतो. पिंपळे गुरवात आमची इमारत ज्यांच्या शेतात उभी राहिली, त्या घरातले हे वरच्या मजल्यावरचे काका. पस्तीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या वयाची माणसं बागेत जाऊन समूहानं हसतात. काकांनी कॉम्प्युटर धरला. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज लावायचा, ज्याला अंधुक दिसतं त्याची अक्षरं भाकरीएवढी करायची, ज्याचा हात चालत नाही त्याचं बोलणं आपोआप टाइप होईल अशी सोय करायची, असली कामं ते निगडीपासून चाकणपर्यंत बसनं हिंडून करतात. घेत काही नाहीत. चहा मात्र दोनदा लागतो.

त्यांची कामाची पद्धत जगावेगळी. ज्याच्यासाठी मशीन लावायचं, त्याच्यासारखं आधी आठ दिवस स्वतः जगायचं. एका अंध गायनशिक्षिकेचं काम आलं तेव्हा काकांनी डोळ्यांवर पंचा बांधला आणि घरभर धडकत फिरू लागले. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली फेरी मारायला गेले, परतताना एक मजला कमी मोजला आणि सरळ आमच्या घरात शिरून सोफ्यावर बसले. "चहा टाक," म्हणाले. माझ्या बायकोनं मुकाट्यानं टाकला. तो संपवून काका समाधानानं म्हणाले, "आज बरा झालाय." हे वाक्य काकूंच्या कानावर कुणी घातलं ते मी सांगणार नाही, पण पुढचे दोन दिवस काकांचा चहा आमच्याकडेच होता.

कारखान्यातले सगळे रिवाजही त्यांनी बरोबर आणलेत. काम सुरू झालं की कॉम्प्युटरला लाल पाटी लटकते, 'दुरुस्ती चालू, हात लावू नये.' मोशीच्या एका घरात पाटी लावून काका सर्दीनं आडवे झाले, तर त्या बिचाऱ्यांनी दहा दिवस कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा पुसली नाही. काम झालं की हँडओव्हरचा कागद. त्यावर सही नाहीतर अंगठा घेतल्याशिवाय काका उठत नाहीत, आणि ते कागद एका फायलीत लावून ठेवतात. या सगळ्यात गिऱ्हाइकाला मात्र ते कधी काही विचारत नसत. मी एकदा तसं सुचवलं, तर माझी कीव करत म्हणाले, "राव, मशीन कधी सांगतं का, माझं अमुक दुखतंय म्हणून? आपुनच कान लावायचा असतो."

मागच्या वर्षी त्यांच्याकडे कविता नावाची एक तरुणी आली. लातूरकडची, चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणारी. प्रेसनं तिच्या उजव्या हाताची चार बोटं नेली होती. मालकानं स्टोअरच्या ऑफिसात बसवायची तयारी दाखवली, पण अट घातली, की पंधरा दिवसांनी सोमवारी दोन तास कॉम्प्युटरवर मालाची नोंद करून दाखव. जमलं तर जागा तुझी, नाहीतर घरी बस. घर म्हणजे गाव. सासरच्यांनी तिचं सामान बांधायलाही काढलं होतं. ती काकांना एवढंच म्हणाली, "मला परत न्हाई जायचं, काका." काकांनी त्याच संध्याकाळी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आपला उजवा हात पाठीमागे बांधून घेतला.

आठ दिवस ते डाव्या हातानं जेवले, डाव्या हातानं दाढी केली आणि गालावर चिकटपट्ट्या लावून बाजारात गेले. शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागायचा, पण काकूंना हात लावू देत नव्हते. कॉम्प्युटरवर तर ठाण मांडून बसले. एका वेळी एकच बटण दाबावं लागेल, मोठ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबून सोडलं तरी मशीन ते लक्षात ठेवील, अशी सोय त्यांनी लावली. डावा हात थरथरून भलतीच बटणं दाबली जात, म्हणून निसटता धक्का मशीननं मोजूच नये अशीही तजवीज केली. आठव्या दिवशी त्यांनी एका हातानं अख्खं पान बिनचूक टाइप करून मला दाखवलं. मला खरंच त्यांचा अभिमान वाटला.

शुक्रवारी कविता ट्रायलला आली. मला काकांनी इन्स्पेक्टर म्हणून बोलावलं होतं. उजवा हात ओढणीखालीच कीबोर्डच्या कडेला टेकवून ती टाइप करू लागली आणि सगळं बिनसलं. अर्धी अक्षरं उमटेनात. पार्ट नंबरातलं मोठं अक्षर आलं की मशीन केकाटायचं आणि काकांनी लावलेली सोय आपोआप बंद पडायची. काकांनी ती पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. त्यांनी कीबोर्ड बदलला, वायर बदलली, इमारतीच्या विजेला नावं ठेवली. तासभर ते हटले नाहीत, कविताही हटली नाही, पण तिचा चेहरा उतरत चालला होता. मला पडद्याकडे बघवत होतं, तिच्याकडे बघवेना.

शेवटी तीच हळूच म्हणाली, "काका, जरा बोलू का?"

तिनं ओढणीखालचा हात काढून टेबलावर ठेवला. "मला अंगठा हाय. शिफ्ट मी यानं दाबून धरते, म्हणून दोन बटणं एकदम दाबली जातेत आन् तुमची सोय बंद पडते. तुम्ही हात पाठीमागं बांधला होता, पण माझा हात पाठीमागं न्हाई. आन् मी हळू बी न्हाई."

काकांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहत होते. आपण मशीन आपल्या हाताला बसवलं, आपल्या थरथरीसाठी या पोरीच्या वेगाला ब्रेक लावला, हे त्यांना कळलं असावं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "मंग सांग पोरी, तुझं कुठं अडतंय?"

तिचं फक्त माउसवर अडत होतं. काकांनी आठ दिवसांचं सगळं काम पुसून टाकलं, माउस डावीकडे घेतला, त्याची बटणं उलटी केली, बाण जरा सावकाश केला. वीस मिनिटांत संपलं. सोमवारी दुपारी तिचा फोन आला, की जागा मिळाली. काकांनी शिफ्ट कोणती एवढं विचारलं आणि फोन काकूंच्या हातात देऊन गॅलरीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाईल काखेत मारून बसस्टॉपवर उभे होते. जितके हँडओव्हर तितक्या घरी पुन्हा जाऊन, कुठं अडतंय ते विचारून यायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिला पत्ता भोसरीचा, त्यांच्याबरोबर शिफ्ट केलेल्या एका दोस्ताचा. साखरेच्या आजारानं त्याची दृष्टी गेली होती आणि काकांनी त्याला वाचून दाखवणारा आवाज लावून दिला होता. दुपारी परतले ते जिन्यातच बसले. दोस्त थंडीतच वारला होता. कुणी कळवलं नव्हतं. सून सांगत होती, तो आवाज फार भरभर वाचायचा, मामंजींना निम्मं कळायचं नाही, पण ते म्हणायचे, माझ्यासाठी एवढा खपलाय तो, त्याला सांगू नका.

मी त्यांना पाणी दिलं. आज राहू द्या, उद्या जा, असंही म्हणालो. काकांनी पाणी पिऊन फाईल उघडली आणि पुढचा पत्ता काढला.

"न्हाई राव," ते उठत म्हणाले, "बाकीचे हायेत तवर इचारून येतो."