कटरची आंघोळ

काल दुपारच्या पाळीत सुमनमावशींवर अन्याय झाला. लाकूड कापायच्या कटरवर हिऱ्याचा थर चढवण्याआधी त्याला अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. कारखान्यात याला ‘आंघोळ घालणं’ म्हणतात. आंघोळ घालताना मावशींचा जुना हातमोजा फाटला, बोटं भाजली. सुपरवायझर ओरडला, “अहो मावशी, कटरला हात लागला का? थर धरणार नाही त्यावर!”

बोटं नळाखाली धरून मावशी म्हणाल्या, “सुखरूप आहे हो साहेब, तुमचं बाळ!”

सगळे हसले. युनियनची पत्रकं वाटायला गेलेली मीही हसले. आज माझ्या टेबलाच्या, अशाच कटरने कापलेल्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवायची लाज वाटते. अशी कड तुमच्याही घरात असेलच. उद्या सकाळी कारखान्याच्या गेटवर या, आणि मावशींना धड हातमोजे मिळेपर्यंत तिथून हलू नका.