सरांची रिकामी खुर्ची

सौंसरच्या ट्रेनिंगला दरवेळी तेच सर येतात. 'मतिमंद' म्हटलं की चिडतात. "बौद्धिक दिव्यांग म्हणा," सांगताना डोळे मिटतात. सरावासाठी समोर रिकामी खुर्ची ठेवतात. तिच्यात दिव्यांग व्यक्ती बसली आहे असं समजून आम्ही अंगणवाडीच्या बायांनी तिच्याशी आदरानं बोलायचं.

या खेपेला घरी कोणी नव्हतं, म्हणून मी माझ्या भावाला सोबत नेलं. तो बौद्धिक दिव्यांगच. सरळ जाऊन त्या खुर्चीत बसला आणि हातातलं संत्रं हसत सरांपुढे धरलं.

"अवो ताई, उठवा न याले!" सर माझ्यावर खेकसले. "ट्रेनिंग करून राहिलो न आपण!"

भाऊ आपणच उठला.

सर रिकाम्या खुर्चीपुढे वाकले, डोळे मिटून म्हणाले, "दादा, आरामात बसलात ना?"