खोकल्यात गेलेला नववा नियम

आमच्या गल्लीतलं गटार जमिनीखालून जायला लागलं त्याला आता दोन वर्षं होतील. त्याआधी घरासमोरून उघडी नाली वाहायची. कोणाकडे आज भात जास्त झाला, कोणी साडीला रंग दिला, ते सगळ्यांना नालीत दिसायचं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मग नगरपंचायतीने नाली बुजवली, वर सिमेंट टाकलं, प्रत्येक घराला खालून पाइप जोडून दिला, आणि पंधरा दिवसांनी एक छापील कागद घरोघर वाटला. गटारात काय सोडायचं नाही, त्याचे बारा नियम.

तो कागद वाचायची वेळ माझ्यावर आली.

मी चौथी शिकले आहे. माझं माहेर सिंदेवाहीकडचं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला शेजारच्या गावी जावं लागायचं. लोकांना वाटतं मला घरच्यांनी थांबवलं. तसं काही नाही. बापाने दप्तर आणून ठेवलं होतं. नव्या वर्गात उभं राहून आपलं नाव सांगावं लागेल, या धास्तीने मीच गेले नाही. एवढ्या कारणासाठी शिक्षण सोडलेली बाई मी, आणि मला अख्ख्या गल्लीसमोर सरकारी कागद वाचायला बसवलं.

बसवणारे होते माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. लाकडाच्या डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले. गल्लीत काहीही कागद आला की तो त्यांच्याकडे जातो. पण तेव्हा त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याला आराम द्यायला सांगितलं होतं. दुपारची वेळ, पोरं शाळेत, माणसं कामावर. आमच्या ओट्यावर सात-आठ बाया जमल्या होत्या.

"धाकटीले बोलवा," भासरे म्हणाले. "तिले वाचता येते."

आता आमच्याकडे भासऱ्यांसमोर सून बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि दाराआडून काम करायचं. हल्लीच्या सुना हे पाळत नाहीत, आणि बरंच करतात. मी मात्र तीस वर्षं इतकं नीट पाळलं की मला त्याचा अभिमानच होता. चहा झाला हे त्यांना सांगायचं असेल तर मी मांजराला सांगायची. मांजर नसलं तर भिंतीला.

मी पदर ओढून ओट्याच्या कोपऱ्यात बसले आणि वाचायला लागले. पहिला नियम पावसाच्या पाण्याचा होता. छपराचं, अंगणाचं पाणी गटारात वळवायचं नाही. त्यात दोन जोडाक्षरांना मी अडखळले, पण निभावलं. दुसऱ्यात राख आणि वाळू होती.

"राख नाई टाकाची तं भांडे कायनं घासाचे?" एक म्हातारी म्हणाली.

"पावडरनं घासाचे, आजी," कोणीतरी म्हणालं.

"पावडरनं भांडं उजयते, पण चिकट निंघत नाई."

तेलातुपाचा नियम आला आणि समोरची खानावळवाली पुढे सरकून बसली. ही एकटी बाई. रोज बँकेतल्या आणि कॉलेजातल्या चाळीसेक माणसांचे डबे करते. आमच्याकडे भात पसवून करतात, भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज काढून टाकायची. चाळीस माणसांच्या भाताची पेज म्हणजे दोन बादल्या होतात. पुढचाच नियम दाट पेजेचा आणि खरकट्याचा होता. तिने मला ते दोन्ही नियम तीन-तीनदा वाचायला लावले.

"म्हणजे पेज थंडी झाली तरी नाई टाकाची?"

"नाही टाकायची," मी म्हणाले. तोवर माझा आवाज जरा सुटला होता. ज्वलनशील हा शब्द मी एका दमात म्हणाले आणि भासऱ्यांनी मान डोलावली. मला पाचवीत गेल्यासारखं वाटलं.

मग नववा नियम आला.

त्यात लिहिलं होतं की कापडाच्या चिंध्या, मासिक पाळीत वापरलेले पॅड व कपडे आणि लहान मुलांचे लंगोट गटारात किंवा शौचालयात टाकू नयेत. त्यांनी पाण्याचा मार्ग बंद होतो.

मी चिंध्यांपर्यंतही गेले नाही. पुढचे शब्द आधीच दिसले होते. समोर दोन हातांवर भासरे, हिरव्या पट्टीसकट, कान टवकारून बसलेले. मी खोकले. पहिला खोकला खोटा होता, पण देवाने दुसरा खरा दिला. डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी लोटीभर पाणी आणलं. मी प्याले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "दहा."

"नऊ झाला का?" भासऱ्यांनी विचारलं.

"झाला जी," मी म्हणाले.

तीस वर्षांत मी त्यांना तोंडासमोर बोललेला तो पहिला शब्द. तो खोटा होता.

यात हसण्यासारखं म्हणजे, त्या वस्तूशी माझा स्वतःचा संबंध संपून चार वर्षं झाली होती. मला कोणती लाज राखायची होती, ते आजही सांगता येत नाही. आणि ज्यांना ते ऐकायची गरज होती त्या सगळ्या बाया समोर बसल्या होत्या. पूर्वी सगळं जाळायचं नाहीतर उकिरड्यात पुरायचं. आता नवे संडास, नवे पाइप, एक बादली पाणी ओतलं की डोळ्यांआड. कोणी सांगितल्याशिवाय त्यात काही वाईट आहे हे कळणार कसं? मी मनाशी म्हटलं, एकेकीला बाजूला घेऊन सांगू. सांगितलं नाही. एकेकीला बाजूला घ्यायलाही तोंड उघडावं लागतं.

उलट त्यानंतरचे काही दिवस मी फार ऐटीत होते. गल्लीत मला नियमवाली बाई म्हणायला लागले. खानावळवाली रस्त्यापलीकडून विचारायची, "बाई, कढईत पाणी घालून हालवलं तं ते पाणी चालते का?" आणि मी दारात उभी राहून जणू गटार मीच बांधलं अशा थाटात म्हणायची, "नाही चालत."

तिने खरंच सगळं पाळलं. गवंडी बोलावून मोरीबाहेर एक छोटं टाकं बांधून घेतलं. आत जाळी, तेल वर तरंगलं की वाटीने काढून घ्यायचं. पेजेच्या दोन बादल्या ती रोज स्वतः गल्लीच्या टोकाच्या म्हशीवाल्याकडे नेऊन द्यायची. म्हशी माजल्या, असं ती हसत सांगायची.

दोन महिन्यांनी ऐन जेवणाच्या वेळी तिच्या दारासमोरच्या चेंबरचं झाकण खालून हलायला लागलं आणि काळं पाणी रस्त्यावर आलं. डबे न्यायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून उभी. नगरपंचायतीचा मुकादम आला, त्याने झाकण सरकवलं आणि आत पाहिलं. वर पांढरा थर जमला होता.

"हे पाहा, पेज," तो म्हणाला. "नियम छापून दिले होते ना?"

"भाऊ, मी पेज टाकतच नाई. म्हशीवाल्याले विचारा."

"म्हशीवाला तं तुमचाच माणूस आहे. रोजची पेज भेटते त्याले."

"मंग टाकं पाहा माह्यावालं."

"टाकं दाखवाले बांधतात, बाई. चेंबर तुमच्या दारासमोरचं आहे, आणि गल्लीत खानावळ तुमचीच आहे."

तो म्हणाला की उद्या सकाळी चेंबर उपसायची गाडी येईल, त्याआधी तिची जोडणी बंद करायचा कागद आणतो. तीन महिने बंद. आधी जोडणी बुजवायची, मग चेंबर साफ करायचं, असा वरून आदेश आहे.

जुनी नाली तर बुजलेली. चाळीस माणसांची भांडी धुवायची कुठे? तीन महिन्यांत डबेवाले दुसरीकडे लागले असते आणि परत आले नसते. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. तुंबलंय कशाने, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी दारात पदर तोंडाला लावून उभी होते. लोकांना वाटलं वासामुळे.

घरात जाऊन मी फळीवरच्या मिठाच्या बरणीखालून तो कागद काढला. नववा नियम तिथेच होता, माझ्या खोकल्याने पुसला गेला नव्हता. मी तो कागद घेऊन मोठ्या जावेकडे गेले, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोकडे. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगा ना मुकादमाला."

ती हसून हसून सूप खाली ठेवून बसली.

"दोन महिने तू हे पोटात ठेवून राह्यली?"

"हो."

"मले वाचता येत नाई. मी सांगतलं तं तो म्हणन, म्हातारी मनानं सांगते. कागद तुह्याजवळ आहे. वाचणारी तू."

"भासरे असतील तिथे."

"असू दे. त्याहिले काय, चार लेकी आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मुकादमाने सिमेंटचं पोतं खानावळीच्या पाइपाजवळ उतरवून घेतलं. गल्ली जमली होती. भासरेही होते, पट्टी निघालेली, नवा चष्मा. खानावळवालीने त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. ती पायरीवर बसून होती, दोन्ही रिकाम्या बादल्या शेजारी.

त्या बादल्या पाहिल्या आणि मी चालायला लागले. धाडस वगैरे म्हणता येणार नाही. चप्पल एकाच पायात होती आणि पदर इतका पुढे ओढला होता की मी मुकादमाऐवजी गाडीच्या ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिले. त्याने मला हाताने वळवून दिलं.

"काय आहे, बाई?" मुकादम म्हणाला.

मी कागद वर धरला आणि वाचलं. नववा नियम, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मधे श्वास न घेता. पाळी, पॅड, लंगोट, सगळं. आवाज किती मोठा निघाला ते मला कळलं नाही. नंतर सांगतात की गल्लीच्या टोकाच्या म्हशीवाल्यालाही ऐकू गेला. मग मी म्हणाले, "हा नियम मी वाचलाच नव्हता. कोणाला माहीतच नाही. तुंबलंय त्यानेच, खानावळवालीची चूक नाही."

सगळ्या बाया एकदम समोरच्या कडुनिंबाकडे पाहायला लागल्या, जसं काही त्यावर काही बसलं होतं.

भासरे म्हणाले, "मी विचारलं होतं, नऊ झाला का म्हणून."

"हो जी."

"मंग कुठी गेला होता?"

"खोकल्यात गेला जी."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "भाऊ, पहिले काढून पाहा. मंग बुजवा."

मुकादम कुरकुरला, वरून आदेश आहे म्हणाला. पण गर्दी होती, आणि माझ्यासारखी बाई रस्त्यात उभी राहून ते शब्द वाचते म्हटल्यावर त्याने गाडीवाल्याला खूण केली. गाडीचा पाइप आत सोडला. अडकला. मग बांबूची लांब कमची घालून वरूनच ओढलं. जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, मी तेवढी सुधारले नाही. एवढंच सांगते की ते कापडाचं होतं, ढीगभर होतं, आणि वरचा पांढरा थर साबणाचा निघाला. भाताचं एक शीतही नव्हतं. मुकादमाने सिमेंटचं पोतं परत गाडीत टाकलं.

मला वाटलं खानावळवाली आता माझा हात धरेल. ती उठली, बादल्या उचलल्या आणि म्हणाली, "तुमच्या लाजेपायी माह्या घराले कुलूप लागत होतं, बाई. मी दोन महिने जाळीतलं तेल वाटीनं काढून राह्यली, आन् तुम्हाले एक ओळ वाचवली नाई."

"हो," मी म्हणाले. ती आत गेली आणि थोड्या वेळाने तिच्या चुलीचा धूर दिसला.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. कढईचं पाणी चालतं की नाही, हे तिने रस्त्यापलीकडून विचारलं नाही. मी दारात उगाच उभी राहायची. मी मात्र त्या महिन्यात घरोघरी जाऊन सांगून आले. एकदा गल्लीभर ओरडून झाल्यावर कानात सांगणं काहीच नाही. फक्त प्रत्येक घरात मला आधी पाणी विचारायचे, खोकला कसा आहे म्हणून.

मग ओला-सुका कचरा वेगळा करायचा नवा कागद आला. संध्याकाळी खानावळवाली तो घेऊन स्वतः आमच्या ओट्यावर आली आणि माझ्यासमोर ठेवला.

"वाचा," ती म्हणाली. "पण पुरा वाचा जी."

बाया जमल्या. भासरे नेहमीच्या जागी बसले होते. मी पदर सारखा केला, कागद उलगडला. तेवढ्यात ते उठले, काठी घेतली आणि जावेला म्हणाले, "मी जरा चौकातून पान खाऊन येतो."

ते पान खात नाहीत. तीस वर्षांत मी त्यांना पान खाताना पाहिलेलं नाही. ते वळणापलीकडे जाईपर्यंत मी थांबले आणि पहिल्या नियमापासून वाचायला घेतलं.