जयरामची कूस

मंगलाबाईचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. नाशकात त्र्यंबक रोडवरून आत वळलं की आमची ख्रिस्ती वस्ती, वस्तीत पत्र्याचं देऊळ आणि देवळामागं टेकडी. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला राग आवरत नाय.

मंगलाबाई द्राक्षबागांत विरळणीला जायची. हाताची चपळ, तोंडाची त्याहून चपळ. नवरा जयराम रंगारी, अंगापिंडानं दांडगा. नाताळाच्या तोंडावर देवळाला रंग देताना त्याची शिडी सरकली आणि मानेखाली सगळं अंग गेलं. बोलता तेवढं यायचं. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" असं ती त्याला घास भरवताना म्हणायची. "तुझ्या हातचं खायला मिळावं म्हणून पडलो गं," तो म्हणायचा. बाहेर येऊन मग माझ्या ओट्यावर बसून रडायची.

अशा माणसाची दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सडते. एकट्या बाईचं ते काम नव्हे. मंगलाची कंबर तर आधीच बागेत वाकून गेलेली. तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांनी, उपासनेत समजावलं. प्रभू स्वर्गात गेला म्हणजे आपल्याला टाकून गेला नाही. तो पित्याच्या उजवीकडं बसून आपल्यासाठी रदबदली करतोय, आणि इथं खाली मंडळी हेच त्याचं शरीर. त्याचे हातपाय आता तुम्ही. माणसं डोळे पुसत होती. दर दोन-तीन तासांनी दोघांनी जाऊन जयरामला उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, अशी पाळी लागली. सुरुवातीला पाळीसाठी भांडायचे सगळे! पुढं कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचं लग्न झालं, कुणाची पाठ धरली. शेवटी उरला एकटा शेखर, जयरामचा भाचा, सातपूरला कंपनीत कामाला, तो सकाळ-संध्याकाळ यायचा. दुसरी जोडीदार मंगलाच.

स्वर्गारोहणाच्या गुरुवारी पहाटे आमची अख्खी वस्ती टेकडी चढते. मे महिन्याचं ऊन तापायच्या आत वर उपासना होते. येशू वर गेला तेव्हा शिष्य आभाळाकडं बघत उभे राहिले, तसं आमच्यात शेवटी सगळ्यांनी वर बघून उभं राहायचं. जयराम धडधाकट होता तेव्हा मोठा लाकडी क्रूस तोच खांद्यावर न्यायचा.

यंदा आदल्या रविवारी पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, तेव्हा जयरामनं विचारलं, "साहेब, प्रभू वर गेला तेव्हा हातावरच्या जखमा होत्या का?"

"होत्या तर. माणसाचं अंग घेऊन गेला, जखमांसकट गेला. अजून आहेत."

"ऐकलंस का मंगल? मीपण पाठ घेऊन जाईन. तिथं दाखवीन त्याला." त्याच्या पाठीला तेव्हा वाटीएवढं भोक पडलेलं.

"गप पड. कुठं जायचं नाय," मंगला म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून चुलीकडं गेली.

गुरुवारी उजाडायच्या आत शेखर दारात आला, पण एका खांद्यावर भोंगा आणि दुसऱ्यावर बॅटरी. मी ओट्यावरच होते, गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर मला टेकडी चढवत नाय.

"मामी, हे वर पोचवतो. आज मामासाठी खास प्रार्थना ठेवलीय, सगळी वस्ती करणार."

"आधी त्याला वळवून दे, मग जा. रात्रीपासून एका कुशीवर हाय."

"उपासना खोळंबेल मामी! उतरलो की पहिला इथंच येतो."

गेला. वस्ती गेली त्याच्यामागं, गाणी म्हणत, पांढऱ्या कपड्यांत.

मंगलानं वाट पाहिली. आतून जयराम कण्हत होता, आणि "राहू दे गं, येतील ते," असंही म्हणत होता. तिला बघवेना. तिनं एकटीनं त्याच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला ओढलं. कंबरेत उसण भरली, हात सुटला, आणि जयराम तोंडावर घसरला तो खाट आणि भिंतीच्या फटीत.

तिची किंकाळी ऐकून मी भिंत धरत धरत आत गेले. चादर दोघींनी ओढली, ती टरकन फाटली. लोखंडी खाट, पायांखाली विटा लावलेल्या, आम्हा दोन म्हाताऱ्यांना हलेना. गल्लीत येऊन बोंबलले. दारं सगळी उघडी, घरात काळं कुत्रं नाय! शेखरला फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. उपासनेत फोनचा आवाज बंद ठेवतात ना आमच्यात, लई शिस्तीचे लोक आम्ही.

तेवढ्यात टेकडीवरून भोंग्यात पाळकसाहेबांचा आवाज आला. "हे प्रभू, आमचा बंधू जयराम अंथरुणाला खिळलाय. तुझे हात त्याच्यावर ठेव."

सगळी टेकडी आमेन म्हणाली.

"खाली या रे मेल्यांनो!" मंगला ओरडत होती. त्याला उचलायला घातलेले तिचे दोन्ही हात त्याच्या छातीखाली अडकलेले. तो आधी धापा टाकत होता, मग घरघरला, मग नुसता जड झाला. वर गाणं सुरू झालं होतं.

उतरल्यावर शेखर खरंच पहिला तिथं आला. खाट त्यानं एका हिसक्यात ओढली. मग जमिनीवर बसून कपाळ बडवायला लागला. मी त्याला गप केलं नाही. का करू?

पाळकसाहेब दारात हात जोडून म्हणाले, "बाई, काय भाग्याचा दिवस मिळाला! प्रभूच्या मागोमाग वर गेला."

"वर नाय गेला," मंगला म्हणाली. "भिंतीत तोंड खुपसून गेला." साहेबांनी मान खाली घातली.

संध्याकाळी पेटी उचलायला काय गर्दी! देवळापासून कबरस्तानापर्यंत खांद्याला खांदा. ज्यांची पाठ धरली होती ते, ज्यांची शिफ्ट होती तेही आले होते. प्रत्येकाला हात लावायचा होता. त्या रेटारेटीत पेटी एका बाजूला कलली.

मागून मंगला जिवाच्या आकांतानं ओरडली, "हळू रे! हळू धरा! पाठीला जखम हाय त्याच्या!"

सगळे जागच्या जागी थांबले. पेटीखाली इतके हात होते की लाकूड दिसत नव्हतं.