ताईचा घाईघाईचा सत्कार

आमच्या घाटकोपरच्या वस्तीत फ्लेक्स लावायची घाई फार. दहावीचा निकाल लागायच्या आधीच नाक्यावर पोराचा हसरा चेहरा झळकतो. ताईचंही तेच झालं. हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताईला ब्रिटनमधल्या एका वृद्धाश्रमात केअररची नोकरी मिळाली आणि व्हिसा हातात यायच्या आत मंडळाने फ्लेक्स चढवला. मधोमध गणवेशातली ताई, एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला दोन वेण्या घातलेली माझी भाची. रविवारी विहारात सत्कारही ठरला.

त्याच आठवड्यात तिकडच्या सरकारने नियम बदलले. म्हातारी माणसं सांभाळायला या, पण नवरा आणि मुलं आणू नका. मी नेहमीप्रमाणे भडकलो आणि दोन्ही सरकारांना शिव्या घातल्या. आपल्या सरकारचा यात काही संबंध नव्हता, तरीही.

ताई ड्युटीवरून आली, भाकऱ्या थापल्या आणि मोबाईलवर ते नियम स्वतः वाचत बसली. बंदी केअररना होती. तिकडची परीक्षा देऊन नर्स म्हणून गेलं तर घरच्यांना अजूनही नेता येत होतं. नोकरी जुळवून देणाऱ्या एजंटाने सोपा रस्ता म्हणून तिला केअरर करून टाकलं होतं. परीक्षा अवघड, इंग्रजीही जास्त पक्कं हवं, आणि हातात आलेली केअररची नोकरी सोडायची. एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुढे व्हा, पोरीचं नंतर बघू."

"पोरगी काय सामान आहे, मागून पाठवायला?" ताई म्हणाली.

ताई जात नाही हे कळल्यावर मंडळाची पोरं म्हणाली, सत्कार उरकून घेऊ, कुणाला कळतंय. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. शाल, बुके, दोन फोटो, विषय संपला. पण वंदना झाल्यावर ताई उठली आणि माईकवर सरळ म्हणाली, "मी आता जात नाहीये. नर्सची परीक्षा देणार आहे. पास झाले तर तिघं जाऊ. नाही झाले तर इथेच आहे ना मी, कुठे जातेय?"

 मला चारचौघांत साधं आभारप्रदर्शन जमत नाही, आणि ही बाई स्वतःच्याच सत्कारात उभी राहून हे सांगत होती. ऊर भरून आला माझा. शेवटी मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी शाल उचलली. "आणलीच आहे, तर घालतो," म्हणाले. टाळ्या जरा उशिरा वाजल्या, पण वाजल्या.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. फार वर्षांपूर्वी आई कामासाठी गाव सोडून गोवंडीला आली, तेव्हा लहानग्या ताईला आजीकडे ठेवून आली होती. माझा जन्म नंतरचा, मुंबईतलाच.

"हातची नोकरी सोडू नको गं," आई म्हणाली. "पोरीला मी सांभाळते. तू नव्हतीस राहिली गावी? माझी एसटी सुटली तेव्हा रडलीपण नाहीस. एवढीशी होतीस, तुला काय कळत होतं?"

ताईने कप खाली ठेवला.

"सगळं कळत होतं, आई. मी रडले असते तर तू एसटीत चढली नसतीस."