चुकीच्या उत्तरांचं गिऱ्हाईक

अख्ख्या पुण्यात माझ्या चुकांची कदर केली ती एकाच माणसानं, माझ्या रिक्षानं क्लासला जाणाऱ्या फिजिक्सच्या सरांनी. तिसरीत मास्तरांनी ज्या डोक्यासाठी कान धरून मला बाहेर काढलं, त्याच डोक्यासाठी हे सर रोज सकाळी मला चहा पाजायचे.

सर हडपसरच्या एका क्लासात शिकवायचे, तिथले पेपरही काढायचे. तेव्हा घरटी एक पोरगं कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला निघालेलं. परीक्षेत चार उत्तरं छापलेली, एकावर खूण करायची. सर म्हणायचे, "बरोबर उत्तर कुणीही लिहील हो. चुकीची तीन खऱ्या माणसाच्या डोक्यातून यायला हवीत. नाहीतर काही न समजता पोरगं अंदाजानं सुटतं." असं खरं डोकं त्यांना हँडलवर बसलेलं सापडलं.

एकदा थंडीत सरांनी विचारलं, "हा लोखंडी दांडा जास्त गार, की सीट?"

"दांडा! हात लावून बघा की सर."

"रात्रभर दोन्ही एकाच हवेत होते, दोन्ही सारखेच गार. दांडा तुमच्या हाताची ऊब पटकन ओढतो, एवढंच." आणि खूश होऊन माझं उत्तर वहीत टिपलं. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "अहो, निम्म्या वर्गानं तुमचंच उत्तर ठोकलं!" सूत्रं तोंडपाठ असलेली पोरं माझ्या पंगतीत बसली! मी स्टँडवर पेढे वाटले.

"कशाचे रे?" एका रिक्षावाल्यानं विचारलं.

"माझं उत्तर पेपरात छापून आलं."

"बरोबर होतं?"

"छे! चूक."

पण ऐकून ऐकून मला समजायला लागलं, तिथंच घात झाला. एके दिवशी सरांनी विचारलं, "बसनं ब्रेक मारला की उभा माणूस पुढं पडतो. त्याला ढकलतं कोण?"

मी बोलून गेलो, "कुणीच नाही. बस थांबली, तो थांबला नाही."

"वा," सर हळूच म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं. वहीत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ठोकून दिलं, "गच्चीवरून दोन दगड सोडले तर छोटा आधी पडणार!"

सर हसले. "अहो, ही चूक खोटी आहे. खरा चुकणारा मोठा दगड म्हणतो. ही तुम्ही विचार करून केलीत."

आता रिक्षात आम्ही हवापाण्याचं बोलतो. क्लासशेजारी एक आयटी कंपनी आहे. उतरले की सर तिच्या गेटवरच्या वॉचमनकडं जातात. वऱ्हाडातून नुकताच आलाय, छातीठोक चुकतो. सर भराभर लिहितात. बरोबर उत्तर माझ्या जिभेवर येतं. मी रिक्षा वळवतो.