आरोळीवाचून गाणं

सर्व नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका हॉलमध्ये परवा एक गायक शांततेमुळे मरता मरता वाचला.

हा ईलिंगमधला आमचा मेक्सिकन शेजारी. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतानाही छत्रीएवढी टोपी घालून प्रेमभंगाची गाणी म्हणतो. “आमच्याकडे लोक गाणं चालू असताना आरोळ्या ठोकतात, अमिगो,” तो मला नेहमी बजावतो. “आरोळी नाही, तर गायक संपला!”

त्याच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात मात्र सगळे हात मांडीवर ठेवून सभ्यपणे गप्प. तिसऱ्या गाण्याला त्याचा आवाज कापू लागला. तेवढ्यात, बसमध्ये दुसऱ्याने पाय तुडवला तरी स्वतःच ‘सॉरी’ म्हणणारी माझी बायको उठून किंचाळली आणि याने आनंदाने टोपीच हवेत भिरकावली.

ती चक्क मराठीत किंचाळली होती, “अरे मेल्यांनो, ओरडा की कुणीतरी!”